लक्ष्मी रस्त्यावर गाडी लावायची तर

दसऱ्याआधीच्या शनिवारी मावशीला घेऊन पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर गेलो होतो. तिला साडीच्या दुकानाच्या दारात उतरवलं आणि म्हटलं, "तू हो पुढे, मी गाडी लावून आलोच." मी पोहोचलो तेव्हा तिच्या दोन साड्या घेऊन झाल्या होत्या, बिल चुकतं झालं होतं आणि ती दुकानातल्या बाकावर पिशवी मांडीवर धरून माझी वाट बघत बसली होती. मधला पाऊण तास मी गाडीतच होतो. लक्ष्मी रस्त्याने अलका चौक, तिथून कुमठेकर रस्त्याने आत, मग बाजीराव रस्त्याने येऊन सेवासदन चौकात पुन्हा लक्ष्मी रस्ता. अशा तीन फेऱ्या झाल्या.

हे सगळे रस्ते एकेरी आहेत. मोकळी जागा दिसेपर्यंत मागच्याने हॉर्न दिला आणि आपण दहा फूट पुढे सरकलो, की ती जागा परत गाठायला अख्खा वळसा घालावा लागतो. त्या संध्याकाळी माझ्या पुढेमागे असलेल्या गाड्यांत बरीच माणसं माझ्यासारखीच कडेला बघत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालली होती. ती सगळी मुक्कामाला पोहोचलेली होती, आता फक्त थांबायला जागा हवी होती. पेठेतल्या ज्या गर्दीला आपण वाहतूक म्हणतो, तिच्यात असे जागा शोधणारे किती असतात ते एकदा कडेला उभं राहून पाहावं. त्यांच्यामागे पीएमपीची बस अडकते, रुग्णवाहिका अडकते. गाडी कुठे लावायची आणि तिचे किती पैसे द्यायचे याची झळ गाडी नसलेल्यालाही बसते, म्हणून हा विषय मुळापासून समजून घ्यायला हवा.

आधी पाट्या

पुण्याबाहेरून आलेल्या माणसाला पहिला गोंधळात टाकते ती पी-१, पी-२ ची पाटी. अर्थ सोपा आहे. विषम तारखेला पी-१ च्या बाजूला गाडी लावायची, सम तारखेला पी-२ च्या बाजूला. रस्ता अरुंद असल्याने दोन्ही कडांना गाड्या लावू दिल्या तर मधून वाट उरत नाही, म्हणून एक दिवस ही कड, एक दिवस ती. दोन्ही बाजूंच्या दुकानदारांना सारखाच त्रास आणि सारखीच सोय.

यात दोन ठिकाणी माणसं फसतात. पहिलं म्हणजे रात्री लावलेली गाडी. तारीख मध्यरात्री बदलते, त्यामुळे दहा तारखेला रात्री बरोबर बाजूला लावलेली गाडी अकरा तारखेला सकाळी चुकीच्या बाजूला असते. दुसरं म्हणजे महिनाअखेर. एकतीस तारीख विषम आणि पुढची एक तारीखही विषम, त्यामुळे एकतीस दिवसांच्या महिन्यानंतर पी-१ ची बाजू लागोपाठ दोन दिवस चालते. सवयीने "काल इकडे होती, आज तिकडे" असं करणारा नेमका त्या दिवशी दंड भरतो. गाडी लावताना कालचा दिवस आठवू नका, मोबाईलवरची तारीख बघा.

आणखी एक फरक बऱ्याच जणांना माहीत नसतो. निळ्या गोलावर लाल कडा आणि एकच तिरकी लाल रेघ असेल तर ते नो पार्किंग. तिथे माणूस उतरवायला क्षणभर थांबता येतं. लाल रेघा दोन असतील, फुलीसारख्या, तर तिथे थांबणंसुद्धा मना आहे, मग ड्रायव्हर आत बसलेला असो आणि इंजिन चालू असो. पदपथ, झेब्रा क्रॉसिंग, बसथांबा, कुणाच्या वाड्याचं किंवा सोसायटीचं प्रवेशद्वार, इथे पाटी नसली तरी गाडी लावायची नसते. "पाटी कुठंय?" हा युक्तिवाद तिथे चालत नाही.

जागा जाते कुठे

एका मोटारीला उभं राहायला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरतात. म्हणजे साडेबारा चौरस मीटर, जवळजवळ १३५ चौरस फूट. लक्ष्मी रस्त्यावर याहून लहान गाळ्यात लोकांनी पिढ्यान्पिढ्या धंदा केलेला आहे. दुचाकीला एक मीटर बाय दोन मीटर, म्हणजे मोटारीच्या जागेत सहा दुचाक्या.

आता शंभर मीटर लांबीची एक कड घ्या. तिथे आडव्या लावलेल्या दुचाक्या अंदाजे शंभर मावतील. दुपारी बारा ते रात्री आठ असे बाजाराचे आठ तास धरले आणि प्रत्येक दुचाकी आठही तास तिथेच उभी राहिली, तर त्या कडेचा फायदा दिवसभरात शंभर माणसांना झाला. प्रत्येक जण तासाभरात काम उरकून निघाला तर त्याच कडेवर आठशे माणसं येऊन गेली. रस्ता तेवढाच, खर्च काही नाही, आणि जागा आठपट. पार्किंगच्या विषयातला हा सगळ्यात महत्त्वाचा हिशोब आहे, आणि आपल्याकडच्या चर्चेत तो फार क्वचित येतो. आपण कायम "जागा कमी आहे" म्हणतो. जागा किती वेळा हातबदल होते हे कुणी मोजत नाही.

मी एकदा मोजलं. ब्लाउज शिवून मिळायला वेळ होता म्हणून कुमठेकर रस्त्यावरच्या एका दुकानाच्या पायरीवर मी दोनेक तास बसून होतो. समोर चौदा दुचाक्या होत्या. दोन तासांत त्यातल्या पाच बदलल्या, नऊ जागच्या हलल्या नाहीत. त्या नऊमधल्या एकीच्या हँडलला ताजं लिंबू-मिरची बांधलेलं होतं, एकीवर पावसाचं प्लास्टिक घालून वर सुतळी आवळलेली होती, आणि एकीच्या सीटवर समोरच्याच दुकानाचे रिकामे खोके रचून ठेवले होते. ती ग्राहकांची वाहनं नव्हती. दुकानांच्या मालकांची आणि तिथे काम करणाऱ्या मुलांची होती. सकाळी शटर उघडताना लागलेली गाडी रात्री शटर पाडल्यावरच निघते. ग्राहकाला जागा मिळत नाही म्हणून धंदा बसतो, अशी तक्रार करणाऱ्या दुकानाच्या दारातली जागा त्याच दुकानाच्या गाडीने अडवलेली असते. मला यात कुणाला दोष द्यायचा नाही. धायरीहून किंवा कात्रजहून रोज येणाऱ्या सेल्समनने गाडी लावायची कुठे, याचं उत्तर शहराने त्याला कधी दिलेलंच नाही. रस्ता फुकट आहे, मग तो रस्त्यावर लावणार.

शिवाय हा भाग मोटारींच्या आधीचा आहे. पेठा वसल्या तेव्हा पालखी, घोडा आणि बैलगाडी यांच्या मापाने वाटा पडल्या. जुन्या वाड्यांना चौक असायचा, पडवी असायची, पण चार भाडेकरूंच्या चार गाड्या तिथे कुठून मावणार? त्यामुळे तिथले रहिवासीही रस्त्यावरच येतात.

फुकट रस्ता, विकतचं वाहनतळ

मंडईजवळ महापालिकेची वाहनतळं आहेत. त्यातलं एक ज्या जागेवर उभं आहे तिथे पूर्वी आर्यन टॉकीज होतं, पुण्याचं पहिलं चित्रपटगृह, १९१५ साली सुरू झालेलं. जवळच मिनर्व्हा वाहनतळ आहे, तेही नाव टॉकीजचंच. नारायण पेठेत हमालवाड्याचं वाहनतळ आहे. मंडईपासून तुळशीबाग चालत तीन-चार मिनिटं, लक्ष्मी रस्ता त्याच्या जरा पुढे. तरीही माणूस आधी रस्त्यावर तीन फेऱ्या मारतो आणि मग नाइलाजाने वाहनतळात शिरतो. मीही तेच केलं होतं.

याचं कारण दरांच्या रचनेत आहे. रस्त्याच्या कडेला, दुकानाच्या अगदी दारात, सगळ्यात सोयीची जागा फुकट, आणि थोडी चालायला लावणारी वाहनतळातली जागा विकत. कुठलाही माणूस आधी फुकटची आणि जवळची जागाच शोधणार. भाजीबाजारात उत्तम हापूस फुकट आणि डागाळलेले आंबे विकत ठेवले तर जे होईल तेच इथे होतं. रचना उलटी हवी. दाराशी असलेली रस्त्यावरची जागा महाग, वाहनतळ स्वस्त. म्हणजे दहा मिनिटांत औषध घेऊन निघणारा रस्त्यावर चार पैसे जास्त देईल, तीन तास लग्नाचा बस्ता बांधणारं कुटुंब वाहनतळात जाईल, आणि दिवसभर थांबणारा सेल्समन महिन्याचा पास काढेल.

दर किती असावा याचीही एक साधी कसोटी आहे. कुठल्याही वेळी त्या कडेवर एक-दोन जागा रिकाम्या दिसल्या पाहिजेत. सगळंच भरलेलं असेल तर दर कमी आहे, अर्धं रिकामं असेल तर दर जास्त आहे. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोने २०११ पासून हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. रस्त्यातल्या जागेखाली सेन्सर बसवले, गल्लीगल्लीचा आणि वेळेवेळेचा दर वेगळा ठेवला, आणि ६० ते ८० टक्के जागा भरलेल्या राहतील असा तो वरखाली करत नेला. काही ठिकाणी दर चढले, पण सरासरी काढली तर ते आधीपेक्षा थोडे उतरलेच. रस्त्यावर पैसे घेण्याची कल्पना तर त्याहून कितीतरी जुनी आहे. पहिलं पार्किंग मीटर अमेरिकेतल्याच ओक्लाहोमा सिटीत जुलै १९३५ मध्ये लागलं, तासाला पाच सेंट. ते बसवण्याचं कारण आपल्या ओळखीचंच होतं: बाजारात कामाला येणारे लोक दुकानांसमोर दिवसभर गाड्या लावून ठेवत आणि गिऱ्हाइकाला जागा मिळत नसे.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातही हेच म्हटलं आहे: शहरातली जमीन मौल्यवान आहे, पार्किंगचं शुल्क तिच्या किमतीला साजेसं असावं. पुणे महापालिकेच्या मुख्य सभेने मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं. विरोध इतका झाला की सुरुवात फक्त पाच रस्त्यांपासून करायची असं ठरलं, आणि तेही वर्षानुवर्षं रखडलं.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं मात्र उडवून लावण्यासारखं नव्हतं. पुण्यात दुचाकी ही चैन नाही. बस वेळेवर येत नाही म्हणून पंधरा-सोळा हजार पगारावरचा माणूस हप्त्याने दुचाकी घेतो. त्याच्याकडून तासाला पैसे घेणार आणि त्या बदल्यात बस वाढवणार नाही, तर तो चिडणारच. ठेकेदाराची दादागिरी लोकांनी अनुभवलेली आहे. वाड्यातल्या रहिवाशाने स्वतःच्या घरासमोर रोज पैसे द्यायचे का, हाही रास्त सवाल आहे, आणि त्याला उत्तर आहे: रहिवाशाला एका वाहनापुरता स्वस्त वार्षिक परवाना. माझं स्पष्ट मत असं आहे की पे अँड पार्क व्हायला हवं, पण जमलेला पैसा त्याच रस्त्याच्या पदपथावर आणि बससेवेवर खर्च झालेला लोकांना डोळ्यांनी दिसला पाहिजे.

पैसे देताना

महापालिकेची बहुतेक वाहनतळं निविदा काढून ठेकेदाराला चालवायला दिलेली असतात. माणूस ठेकेदाराचा असला तरी दर महापालिकेने ठरवलेला असतो आणि दरफलक दर्शनी भागात लावणं बंधनकारक असतं. आत शिरतानाच फलक वाचा, मोबाईलवर त्याचा फोटो काढा. गणपतीच्या दिवसांत एका वाहनतळावर मला दुप्पट पैसे मागितले होते. "सणाचा रेट आहे," असं सांगण्यात आलं. मी फलकाकडे बोट केलं आणि म्हटलं, "दादा, सणाचा रेट यावर लिहिलेला नाही, पावती द्या, जेवढी असेल तेवढे देतो." पुढे काही वाद झाला नाही, बरोबर पैसे घेतले गेले. पावती मागणं हाच तिथला सगळ्यात मोठा उपाय आहे. पावतीवर गाडीचा नंबर आणि आत आल्याची वेळ आहे ना, हे जागेवरच बघा. वेळ लिहिलेली नसेल तर निघताना "तीन तास झाले" की "दोन तास झाले" यावर घासाघीस होते.

दुचाकी लावताना तिथला माणूस हमखास सांगतो, "काका, हँडल लॉक नका करू, न्यूट्रलला ठेवा." गर्दीत मधली गाडी काढायला त्याला चार गाड्या सरकवाव्या लागतात, म्हणून तो तसं सांगतो. ऐकायला हरकत नाही, पण मग डिकीत कागदपत्रं, हेल्मेट, पाकीट काही ठेवू नये. आता यूपीआयचा कोड बहुतेक ठिकाणी दिसतो. पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर नाव कुणाचं येतंय ते वाचा. मॉलमध्ये आणि विमानतळावर काही ठिकाणी फास्टॅगमधून पैसे वळते होतात, त्यामुळे नंतर खात्याचा मेसेज तपासून पाहावा.

पावतीच्या मागे "वाहन मालकाच्या जबाबदारीवर" असं छापलेलं असतं. त्याने सगळी जबाबदारी संपते, असा आपला समज आहे. हॉटेलच्या माणसाच्या हातात किल्ली देऊन लावलेल्या गाडीबाबत सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये वेगळं सांगितलं. दिल्लीच्या ताज महाल हॉटेलमधून चोरीला गेलेल्या मोटारीचं ते प्रकरण होतं. किल्ली आणि गाडी ताब्यात घेतली की ती सांभाळण्याची जबाबदारीही हॉटेलवर येते, आणि हॉटेलचा हलगर्जीपणा असेल तर मागे छापलेल्या ओळीचा आडोसा घेता येत नाही, असा त्या निकालाचा अर्थ. तेव्हा व्हॅलेच्या, म्हणजे किल्ली घेऊन गाडी लावून देणाऱ्या माणसाकडून मिळालेलं टोकन जपून ठेवा. गाडी देताना तिच्या चारही बाजूंचा एक व्हिडिओ काढायला अर्धं मिनिट लागतं.

गाडी जागेवर नसेल तर

पहिल्यांदा पोटात गोळा येतो. चोरीला गेली की उचलली? आधी शेजारच्या दुकानात विचारा, कारण गाड्या उचलणारा टेम्पो आला की कर्ण्यावरून नंबर पुकारतात आणि दुकानदाराने ते ऐकलेलं असतं. मग जवळची वाहतूक चौकी.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे मनाई असलेल्या जागी लावलेलं किंवा दहा तासांहून जास्त बेवारस सोडलेलं वाहन उचलता येतं किंवा त्याला जॅमर लावता येतो, पण गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याच्या अधिकारात. टेम्पोवरच्या मुलांना तो अधिकार स्वतःहून नाही. उचलण्याचा खर्च वाहनमालकावर पडतो. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून नो पार्किंगचा दंड पहिल्या वेळी ५०० रुपये आणि पुन्हा केल्यास १,५०० रुपये आहे, टोइंगचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी वेगळा. मुंबईत तर २०१९ च्या जुलैत महापालिकेने सार्वजनिक वाहनतळापासून ५०० मीटरच्या आत रस्त्यावर लावलेल्या मोटारीला १०,००० रुपये दंड ठरवला होता. ई-चलान चुकीचं वाटलं तर महाट्रॅफिक अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावर फोटो पाहता येतो आणि तक्रारही नोंदवता येते. फोटोत पाटी आणि गाडी एकत्र दिसते का, हे आधी बघा.

नदीपात्रातल्या रस्त्याकडेला पुष्कळ जण गाडी लावून पेठेत चालत जातात. कोरड्या दिवसांत ठीक आहे. पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि कडेच्या गाड्यांपर्यंत पाणी यायला वेळ लागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे गाडी लावून सिनेमाला बसू नका.

दिवाळीच्या खरेदीला मावशी पुन्हा म्हणाली, "येतोस का रे लक्ष्मी रोडला?" या वेळी गाडी कोथरूडलाच ठेवली. वनाजहून मेट्रो, जिल्हा न्यायालय स्थानकात खाली उतरून दुसरी गाडी, आणि मंडई. २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस हा भुयारी टप्पा सुरू झाल्यापासून मंडईतच वर येता येतं. जिल्हा न्यायालयाला गाडी बदलताना मावशीचे गुडघे कुरकुरले, सरकत्या जिन्यावर तिने माझा दंड घट्ट धरला होता. पण मंडईला बाहेर आल्यावर तिने समोर पणत्यांचा ढीग पाहिला आणि लगेच भाव विचारायला सुरुवात केली. मी तिच्या शेजारीच उभा होतो.